आधी पाऊल ठेवावयास जागा द्या

दरवर्षी २९ ऑगस्टला, मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, देशभर राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा होतो. २०१९ साली याच दिवशी केंद्र सरकारने ‘फिट इंडिया’ चळवळीचा आरंभ केला. हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांचा जन्मदिन, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचे आपल्या राज्य शासनानेही ठरविले आहे. अशा दिवशी शाळांत आणि कचेऱ्यांत शपथा घेतल्या जातात, प्रतिमांना हार घातले जातात, आणि नागरिकांनी रोज चालावे, धावावे, सायकल चालवावी, असा उपदेश मंत्री, अधिकारी आणि डॉक्टर मंडळी एकमुखाने करतात. हा उपदेश चुकीचा आहे असे कोणीही सुबुद्ध माणूस म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. आमची तक्रार निराळी आहे. चाला, असे जे सांगतात त्यांच्याच हाती या शहराचे रस्ते, मैदाने, बागा आणि शाळा आहेत. आणि त्या रस्त्यांवर चालावयास जागा नाही. ती जागा निर्माण करणे आणि राखणे हे नगरपालनाचे पहिल्या प्रतीचे काम आहे, शोभेचे नव्हे, हे आज छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांपुढे व कारभाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रश्न किती गंभीर आहे हे प्रथम पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत, आणि त्या आजाराच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख लोक आहेत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची कारणे अनेक असली तरी शरीराची हालचाल कमी होणे हे त्यांतील एक प्रमुख कारण होय, याविषयी वैद्यकशास्त्रात आता मतभेद उरलेला नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीप्रमाणे, पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण भारतात २००० साली सुमारे २२ टक्के होते. २०२२ साली ते सुमारे ४९ टक्के झाले. त्यातही पुरुषांत ते ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. आणि पुरेशी हालचाल म्हणजे काही पहिलवानकी नव्हे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाकडून आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालण्याएवढ्या श्रमाची अपेक्षा करते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास.

बावीस वर्षांत एका राष्ट्रातील इतकी माणसे स्वभावाने आळशी झाली, असे मानणे हा त्या माणसांवर अन्याय आहे. माणसाचा स्वभाव इतक्या लवकर बदलत नाही. बदलली ती त्याच्या भोवतालची परिस्थिती. काम बैठे झाले, शहरे पसरली, घरापासून कचेरी आणि शाळा दूर गेली, आणि मधल्या रस्त्यावर वाहनांनी असा कब्जा केला की पायी निघणे हे अडाणीपणाचे किंवा धाडसाचे लक्षण ठरले. रोग जर परिस्थितीतून उद्भवला असेल तर त्याचा उपचारही परिस्थितीतच शोधावा लागेल.

या बाबतीत लंडनमधील एक जुने संशोधन आजही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जेरी मॉरिस या वैद्याने तेथील दुमजली बसगाड्यांच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली व तिचे निष्कर्ष १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. चालक आणि वाहक एकाच थरातले, एकाच गाडीवर काम करणारे. परंतु चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे फाडीत दिवसभर जिना चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. पायी वा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपाल खात्यातील बैठे कर्मचारी यांच्यातही तोच भेद दिसला. या संशोधनातून एक गोष्ट आम्ही घ्यावी असे आम्हांस वाटते. त्या वाहकाने कोणतीही शपथ घेतली नव्हती, तो कोणत्याही व्यायामशाळेचा सभासद असण्याची अट नव्हती. गाडीला जिना होता आणि कामासाठी तो चढावा लागे, एवढेच. हालचाल त्याच्या दिनक्रमातच विणलेली होती. शहराची रचनाही अशीच असू शकते की तीत राहणाऱ्या माणसाचे चालणे सहज, न सांगता घडावे; आणि अशीही असू शकते की त्याने इच्छा करूनही ते घडू नये.

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास हेच सांगतो. पटकीची साथ हटली ती लोकांना पाणी उकळून पिण्याचा उपदेश केल्याने जितकी हटली, त्याहून कितीतरी अधिक नळाने शुद्ध पाणी दिल्याने आणि गटारे बांधल्याने हटली. सार्वजनिक जागी धूम्रपान कमी झाले ते २००३ च्या कायद्याने त्याला बंदी घातल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली शारीरिक निष्क्रियतेविरुद्ध जो कृतिआराखडा तयार केला आणि २०३० पर्यंत तिचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्यातही व्यक्तीच्या प्रबोधनाबरोबरच रस्ते, बागा, वाहतूक आणि शाळा यांच्या सुधारणेला मानाचे स्थान आहे.

हा विचार परदेशातून आणावयास हवा असेही नाही. महाराष्ट्राने व्यायाम ही गोष्ट कधी केवळ ज्याच्या त्याच्या खाजगी मर्जीवर सोडली नव्हती. गावोगावच्या मारुतीच्या देवळाशेजारचा आखाडा हा गावाचा होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालचे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. या संस्था वर्गणीतून आणि लोकांच्या श्रमातून उभ्या राहिल्या. आपल्या मराठवाड्याची कथा याहून बोलकी आहे. निजामी राजवटीत खाजगी आखाड्यांवर सरकारी निर्बंध होते, आणि आर्य समाजाच्या १९३८-३९ च्या सत्याग्रहामागे ज्या तक्रारी होत्या त्यांत या निर्बंधांची तक्रारही होती. तरुणांनी एकत्र येऊन शरीर कमावण्याचा राजकीय अर्थ त्या राजवटीला चांगला कळत होता. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली. आज आखाडा काढण्यास कोणाची मनाई नाही. पण आखाड्यासाठी, खेळासाठी किंवा नुसत्या चालण्यासाठी जागा राखण्याची फिकीरही फारशी कोणाला नाही.

हे शहर मुळात पायी चालणाऱ्यांसाठी वसविलेले शहर आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला आपली राजधानी वसविली, नहरीने पाणी खेळविले, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला. दिल्ली दरवाजापासून पैठण दरवाजापर्यंत, मकाई दरवाजापासून रोशन दरवाजापर्यंत जे जुने शहर पसरले आहे, त्याच्या गल्ल्यांची रुंदी माणसाच्या पावलांनी मोजलेली आहे. गुलमंडी, औरंगपुरा, सराफा, शहागंज ही ठिकाणे एकमेकांपासून चालत गाठावयाच्या अंतरावर आहेत. पुढे रेल्वे आली, कारखाने आले, १९७० च्या दशकात सिडकोने नवे शहर आखावयास घेतले, १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांवर पोहोचली. सिडकोने आपल्या वसाहतींत बागांना व मैदानांना जागा ठेवली, हे त्या संस्थेच्या श्रेयाचे आहे. पण नव्या-जुन्या शहराला जोडणारा जो जालना रस्ता, त्याच्यावर शहराच्या कारभाऱ्यांचे आजवरचे धोरण जसे वाचता येते तसे ते कोणत्याही ठरावात वाचता येणार नाही. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको, अशा चौकाचौकांत वाहनांसाठी उड्डाणपूल झाले. मोटारीचा थांबा वाचला. त्याच चौकात रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची, कडेवर मूल घेतलेल्या बाईची, दप्तर पाठीवर असलेल्या मुलाची सोय काय झाली? तो दुभाजकावर उभा राहून दोन्ही बाजूंनी येणारी वाहने चुकवीत असतो. पायी जाणाराही वाहतुकीचाच भाग आहे, हेच जणू आपल्या नियोजनाच्या ध्यानी आलेले नाही.

पदपथ, ज्याला सारे शहर फुटपाथ म्हणते, त्याची अवस्था काय वर्णावी? इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेने पदपथावर चालावयास किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा असावी असे सांगितले आहे, म्हणजे दोन माणसे किंवा चाकाच्या खुर्चीवरील दोन अपंग बंधू एकमेकांना ओलांडून जाऊ शकतील. आपल्याकडे पदपथ असलाच तर त्यावर विजेची डीपी असते, जाहिरातीच्या फलकाचा खांब असतो, दुकानाच्या पायऱ्या पुढे आलेल्या असतात, दुचाकी लावलेल्या असतात, आणि दर वीस पावलांवर कोणाच्या तरी फाटकासाठी तो उतरता करून तोडलेला असतो. गुडघे दुखणारा माणूस एवढे चढउतार करण्यापेक्षा रस्त्यावरून चालणे पत्करतो, आणि तेथे मागून कर्णा वाजतो. ही केवळ गैरसोय नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे की पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि पदपथ अपंगांनाही वापरता येतील असे असले पाहिजेत. म्हणजे पदपथ ही महापालिकेने सवड व निधी असल्यास करावयाची कृपा राहिलेली नाही. ते तिचे घटनात्मक कर्तव्य आहे.

रस्त्याची जी कथा तीच मैदानांची. विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी आणि बागेसाठी जागा आरक्षित केली म्हणजे ती मिळाली, असा पुष्कळांचा समज असतो. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे १२७ वे कलम काय म्हणते ते त्यांनी पाहावे. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण आपोआप गळून पडते. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच आहे. त्याची जमीन अनंत काळ अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. पण याचा अर्थ असा की नगरसंस्था नुसती स्वस्थ बसली तरी मुलांचे मैदान जाते. त्यासाठी कोणाला भ्रष्टाचारही करावा लागत नाही. आपल्या शहराच्या सुधारित आराखड्याचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यात वर्षे निघून गेली, आणि २०२० पासून दीर्घकाळ महापालिकेवर लोकनियुक्त सदस्यांऐवजी प्रशासकांचा कारभार राहिला. या काळात किती मैदानांचे घड्याळ चालू होते, याचा हिशेब नागरिकांपुढे यावयास हवा.

शिवाय गुंठेवारीचा प्रश्न आहे. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून, रेखांकनास मंजुरी न घेता ज्या वसाहती शहराभोवती उभ्या राहिल्या, त्यांत घाम गाळून मिळविलेल्या पैशातून घर बांधणारा माणूस गुन्हेगार नव्हता. त्याला परवडणारी दुसरी जागा शहराने दिलीच नव्हती. २००१ च्या कायद्याने अशी घरे नियमित करण्याची वाट मोकळी झाली. परंतु मंजूर रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, ती या वसाहतींत मुळातच सोडलेली नाही. घर कागदाने नियमित होते; मैदान कागदाने निर्माण होत नाही. तेथील मूल आठ-दहा फुटी गल्लीत खेळते आणि दुचाकीचा आवाज आला की भिंतीला चिकटते.

लोकांना चालावयास नको असते, हा आक्षेप खरा मानण्यास आमची तयारी नाही. त्यासाठी कोणीही पहाटे विद्यापीठाच्या परिसरात, गोगाबाबा टेकडीवर किंवा फळसंशोधन केंद्राच्या ताब्यातील हिमायत बागेत जावे. सर्व वयाची, सर्व धर्मांची माणसे तेथे चालताना दिसतील. ज्या खाम नदीला आपण नाला करून टाकले होते तिचे पात्र लोखंडी पुलाजवळ साफ करून, झाडे लावून काठ मोकळा केला, तर तेथेही लोक आले. जेथे सावली आहे, वाहन नाही आणि पाय ठेवावयास सपाट जमीन आहे, तेथे माणसे न बोलावता येतात. मात्र यातील विसंगतीही ध्यानात घ्यावी. यांतील कित्येकांना चालावयास जाण्यासाठी आधी घरून गाडी काढावी लागते. ज्यांच्याकडे गाडी नाही, पहाटे सवड नाही, किंवा ज्यांना अंधारात एकटीने घराबाहेर पडण्याचे भय वाटते, त्यांच्या वाट्यास ही टेकडी आणि ही बाग येत नाही. स्त्रियांमधील ५७ टक्क्यांचा आकडा आम्ही वर दिला आहे. दिवस उजाडण्यापूर्वी घरकाम सुरू होणारी आणि दिवेलागणीनंतरच मोकळी होणारी गृहिणी कोठे चालणार? तिला घराजवळचा रस्ता हवा. तो उजेडाचा आणि वर्दळीचा हवा. वाटेत बसावयास बाक आणि स्वच्छ स्वच्छतागृह हवे. एवढ्या साध्या गोष्टींच्या अभावी निम्मे नगर घरात कोंडले जाते.

शाळांकडे वळले तर चित्र अधिक क्लेशदायक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण असावे हे बंधनकारक केले. वाढत्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे तरी अंगमेहनत घडावी, असे आरोग्य संघटना सांगते. ज्यांनी शिक्षकी पेशात वर्षे घालविली आहेत, आणि त्यांत आमचाही समावेश आहे, त्यांना वेळापत्रकातील खेळाच्या तासाचे भवितव्य चांगले ठाऊक आहे. सहामाही जवळ आली की तो गणिताला जातो, वार्षिक परीक्षा जवळ आली की विज्ञानाला. पालक यावर तक्रार करीत नाहीत. उलट शाळा कडक आहे म्हणून समाधान पावतात. मग तेच मूल रिक्षात किंवा व्हॅनमध्ये कोंबून घरी येते, तेथून दुचाकीवरून शिकवणीला जाते, आणि रात्री चष्म्याच्या भिंगांतून मोबाइलकडे पाहत बसते. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याने खेळावे कोठे, हे सांगणे कठीण.

यावर जे आक्षेप घेतले जातील त्यांची आम्हांस कल्पना आहे. पहिला आक्षेप असा की, ज्या शहराने वर्षानुवर्षे नळाच्या पाण्यासाठी अनेक अनेक दिवस वाट पाहिली, त्याने पदपथांची आणि बागांची चैन कशाला करावी? पाणी सर्वांत आधी, हे आम्हांस संपूर्ण मान्य आहे. पण जलवाहिनीसाठी रस्ता खोदला जातो तेव्हा तो पुन्हा बांधावाच लागतो. तो बांधताना कडेला सलग पदपथ करावयाचा की डांबराची पट्टी भिंतीपर्यंत न्यावयाची, एवढाच निर्णय आहे. आणि तो निर्णय पैशाचा कमी, दृष्टीचा अधिक आहे. दुसरा आक्षेप, हा सुखवस्तूंचा विषय आहे असा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सुखवस्तू माणूस शुल्क भरून जिममध्ये जातो. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, बस गाठण्यासाठी अर्धा कोस तुडविणारा कामगार, सरकारी शाळेतील मूल हे रोज चालतातच; त्यांना चालण्याचा उपदेश नको, सुरक्षितता हवी. एकाच पदपथावर मधुमेही प्राध्यापकाचा व्यायाम आणि मोलकरणीचा कामावर जाण्याचा मार्ग अशा दोन्ही गोष्टी साधतात, यापेक्षा समतेची सोय दुसरी कोणती? तिसरा आक्षेप फेरीवाल्यांच्या पोटाचा. पदपथ मोकळा करणे म्हणजे हातगाडीवाल्याला हुसकावणे असा अर्थ आम्ही करीत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांना नेमून दिलेली जागा मिळाली पाहिजे. कारवाई करावयाची तर ती प्रथम खुद्द सरकारी खात्यांच्या खांब-पेट्यांवर आणि पक्क्या दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्यांवर व्हावी. गरिबाच्या गाडीवर नव्हे.

इतर शहरांनी या दिशेने काय केले हेही पाहण्यासारखे आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतंत्र पादचारी धोरण मंजूर केले, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ बांधले, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस पायी चालणाऱ्यांना मोकळा करण्याचा प्रघात पाडला. पुण्यातील सर्व रस्ते यामुळे सुधारले असे कोणी म्हणणार नाही. धोरण छापले म्हणजे ते अंमलात आले असे नव्हे, हा धडाही पुण्यापासूनच घ्यावयाचा. दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहर १९७४ पासून रविवारी व सुट्टीच्या दिवशी आपले प्रमुख रस्ते काही तास वाहनांना बंद करून नागरिकांना चालण्यास व सायकलींना खुले करते. आज अशा रस्त्यांची लांबी १२० किलोमीटरांच्या वर आहे. त्यासाठी नवा रस्ता बांधावा लागला नाही. असलेलाच रस्ता काही तास वेगळ्या रीतीने वापरावा लागला. आपल्या शहरालाही हे विचार अपरिचित नाहीत. केंद्र सरकारच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत २०२२ साली विजेती ठरलेली जी ११ शहरे, त्यांत आपले शहर होते. स्पर्धेत उतरण्याइतकी कल्पकता आणि कौशल्य आपल्या यंत्रणेत आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. जे एका रस्त्याच्या तुकड्यावर करून दाखविता येते ते वॉर्डावॉर्डांत का होऊ नये, हा प्रश्न त्यामुळेच अधिक टोचतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. महापालिकेने आपल्या अर्थसंकल्पात पदपथ आणि रस्ता ओलांडण्याच्या सोयी यांसाठी वेगळे शीर्षक ठेवावे, आणि दरवर्षी कोणत्या रस्त्यावर किती मीटर सलग पदपथ झाला याचा हिशेब जाहीर करावा. जालना रस्त्यावरील प्रत्येक सिग्नलला पायी जाणाऱ्यांसाठी पुरेसा वेळ राखावा. तो तरुणाच्या नव्हे, सत्तरीच्या माणसाच्या चालीने मोजावा. आराखड्यातील सर्व मैदानांची व बागांची यादी, त्यांची सध्याची स्थिती आणि आरक्षणाची मुदत यांसह, प्रत्येक प्रभाग कार्यालयात भिंतीवर लावावी. जेथे नवे मैदान मिळणे शक्य नाही अशा गुंठेवारी भागांत महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांची मैदाने सकाळ-संध्याकाळ वस्तीसाठी उघडावीत, आणि देखरेखीचा खर्च शाळेवर न टाकता महापालिकेने उचलावा. शिक्षण खात्याने खेळाचा तास इतर विषयांनी गिळू नये यावर तपासणीत कटाक्ष ठेवावा. २०१९ मध्ये सुरू झालेली शहर बससेवा वाढवावी, कारण बसने जाणारा माणूस दोन्ही टोकांना काही पावले चालतोच. रस्ते सिमेंटचे करताना कडेला झाडांच्या मुळांना माती ठेवावी. वैशाखातल्या उन्हात सावलीवाचून कोणता पदपथ वापरला जाणार आहे? आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी पैठण दरवाजा ते गुलमंडी एवढा तरी रस्ता वाहनांना बंद ठेवून पाहावा. व्यापारी मंडळींनी घाबरण्याचे कारण नाही. मोटारीतून जाणारा दुकानापुढून निघून जातो, चालणारा थांबतो.

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांस उद्देशून. नगरसंस्थेला दोष देऊन आपली सुटका होईल असे सुशिक्षित वर्गाने समजू नये. बंगल्याच्या फाटकापुढे पदपथ फोडून उतार कोणी केला? पदपथाची जागा कुंपणात घेऊन तेथे गुलाब कोणी लावले? सोसायटीच्या मोकळ्या जागेत मुलांच्या चेंडूने काच फुटते म्हणून खेळ बंद करून तेथे मोटारी लावण्याचा ठराव कोणी केला? खेळाचा तास बुडाल्यावर मुख्याध्यापकांना जाब विचारण्यास आपल्यापैकी किती पालक गेले? पाव किलोमीटरवरच्या दुकानातून दूध आणावयास दुचाकी काढण्याची सवय आपलीच आहे. रस्त्यावर पायी माणूस दिसला की कर्णा वाजविणारा हातही बहुधा आपलाच. प्रभागातील सदस्याकडे आपण रस्ता, दिवा, नळ मागतो. मैदान आणि पदपथ मागत नाही. जे मागितले जात नाही ते लोकशाहीत मिळत नाही.

तेव्हा यापुढे जो कोणी अधिकारी वा लोकप्रतिनिधी व्यासपीठावरून नागरिकांना रोज चालण्याचा सल्ला देईल, त्याला श्रोत्यांनी नम्रपणे पण ठामपणे एकच विनंती करावी: साहेब, सभा संपल्यावर गाडी येथेच ठेवा, आणि आमच्याबरोबर आमच्या मुलांच्या शाळेपर्यंत पायी चला. त्या वाटेवर जे काही आड येईल ते दूर करण्याचा अधिकार आपल्या हाती आहे. तो वापरला गेला म्हणजे मग उपदेशाची गरजही फारशी उरणार नाही.